हुकमाची दुर्री

पत्त्यांतला मेंढीकोट खेळताना हातात हुकमाचा, म्हणजे बाकीच्या रंगांवर मात करणाऱ्या रंगाचा, एक्का आला की नवख्याचा चेहरा खुलतो. मुरलेला गडी मात्र आधी आपल्याकडे हुकमाच्या दुर्री-तिर्री किती आहेत ते पाहतो. एक्का हुकमाचा नसता तरी त्याने बहुधा एक हात केलाच असता, म्हणजे पानांची एक फेरी जिंकलीच असती. दुर्रीला मात्र हुकूम झाल्याखेरीज कुणी विचारत नाही, आणि एकदा हुकूम झाला की तीच दुर्री दुसऱ्या रंगाचा एक्काही कापते. हुकमामुळे खरी बढती मिळते ती लहान पानांना, आणि ती केव्हा खर्चावीत यातच या खेळाचे बरेचसे कसब आहे, असे माझे मत आहे.

खेळ तसा सर्वांच्या परिचयाचा आहे. समोरासमोर बसलेले भिडू, प्रत्येकी 13 पाने, आणि चार दश्श्यांपैकी म्हणजेच मेंढ्यांपैकी तीन मारणारी जोडी विजयी. चारही मारल्या तर कोट, म्हणजे निर्भेळ विजय, आणि दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात त्यांची सरशी. आपल्याकडच्या गंजिफांमध्ये, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळांत, हुकूमही नसे आणि भिडूही नसे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेची 120 पाने हाती घेऊन ज्याने त्याने आपापल्यापुरते खेळायचे. हुकूम भिडूविनाही चालतो, पाच-तीन-दोनमध्ये तिघे जण तो खेळतातच. पण समोर भिडू आला की हुकूम एकट्याचा राहत नाही, आणि सगळी मौज तिथे सुरू होते.

कट हुकमाच्या डावात तर हुकूम आधी ठरलेलाच नसतो. उतरलेल्या, म्हणजे फेरीच्या सुरुवातीला खेळलेल्या, रंगाचे पान ज्याच्याकडे प्रथम संपते, तो जे पान टाकील त्याचा रंग हुकूम. समजा, माझ्याकडे इस्पिकची पाच पाने आहेत आणि चौकटची एकटी सत्ती. पहिली उतारी मी सत्तीचीच करीन. हात प्रतिपक्षाच्या एक्क्याकडे जाईल, त्याचे दुःख नाही. जाणता भिडू त्या सत्तीवरूनच ओळखतो की माझ्याकडचा हा रंग आता संपला असावा, आणि किलवरच्या एक्क्यावर हात करताच तो चौकट परत उतरतो. त्याच्यानंतरच्या गड्याकडे चौकटची एकटी मेंढीच उरली असेल तर ती त्याला मुकाट्याने टाकावी लागते. मी इस्पिकची तिर्री मारतो, हुकूम इस्पिक होतो आणि चौथ्याकडे चौकट असली की मेंढी आमच्या घरी येते. यात खूण नाही की खाकरणे नाही. पानच पानाशी बोलते. भिडूने मात्र किलवरचा हात केल्यावर मोह होऊन किलवरचा राजाच खेळला, तर माझी इस्पिकची फौज तशीच बसून राहते.

हुकूम ठरल्यावर तो उतरावा की राखावा, यावरून मात्र चांगल्या घरांतही आवाज चढतात. हुकमाच्या एका उतारीने प्रतिपक्षाची दोन पाने जातात, हे सर्वांना दिसते. त्याच उतारीत भिडूचेही एक पान फुकट जाते, हे पुष्कळांना दिसत नाही. भिडूकडे हुकमाची दोनच लहान पाने असतील आणि बदाम संपले असतील, तर त्या दोन पानांनी बदामाचे दोन हात कापले असते; मी एक्का-राजा दणादण आपटले की ती त्यांच्याखाली चिरडून जातात. याउलट माझ्या हातात किलवर लांब आणि वरच्या पानांचे असतील, तर प्रतिपक्षाचे हुकूम काढल्याखेरीज ते सुखरूप पार पडणार नाहीत. अशा वेळी हुकूम राखणारा गडी मला कंजूष वाटतो.

हे ठरवायचे तर मोजणी हवी. गौरी-गणपतीच्या जागरणात आमची आत्या पान टाकता टाकता विचारते, "हुकूम मोजतोयस ना रे?" माझ्याकडे पाच हुकूम असतील तर बाहेर आठ. पहिल्या उतारीला तिघांनी हुकूम दिला, दुसऱ्या उतारीला भिडूने दुसराच रंग टाकला. म्हणजे पाच गेले आणि उरलेले तिन्ही प्रतिपक्षाकडेच. ब्रिजमध्ये खेळणाऱ्याला भिडूची पाने समोर उघडी मांडलेली असतात, त्यामुळे तिथे ही मोजणी सोपी जाते. मेंढीकोटात सारे अंदाजावरच.

भिडूचा चालू हात कापू नये, हा नियम सगळेच पाळतात. त्याला एकच अपवाद मला मनापासून आवडतो. भिडूचा एक्का हात करतो आहे, तो रंग माझ्याकडे नाही, मी शेवटचा आहे आणि माझ्या हातात हुकमाची मेंढी अडकलेली आहे. तिच्यावर गुलाम, राणी, राजा, एक्का अशी चार पाने असतात, आणि कुणी हुकूम उतरत गेला तर ती केव्हाही सापडू शकते. आता मात्र वरून मारायला कुणी उरलेले नाही. मी दुर्री हातात ठेवून मेंढीनेच कापतो. आपला एक्का कापलेला पाहून समोरचा भिडू क्षणभर डोळे वटारतो, मग पान नीट पाहतो आणि काही न बोलता हात उचलून आमच्या बाजूला लावतो.