पॅनेले जुळली, पण झूम करताच लेआउट कोसळला

मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे, पायथनच्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीत केलेली तापमानाची तीन पॅनेलांची आकृती टाइट लेआउटवरून कन्स्ट्रेन्ड लेआउटवर (पॅनेलांची जागा आपोआप ठरवण्याच्या या दोन पद्धती) आणली आणि कित्येक दिवस सलणारी एक गोष्ट पहिल्याच फटक्यात मार्गी लागली. मधल्या हीटमॅपमध्ये, म्हणजे तापमान रंगांनी दाखवणाऱ्या जाळीत, २०२४ चे ३६६ दिवस आणि प्रत्येक दिवसाचे २४ तास, म्हणजे ८,७८४ चौकोन आहेत. त्याच्या डोक्यावर रोजच्या सरासरीची रेषा आहे आणि उजव्या अंगाला ताशी सरासरी. आजवर कलरबार (कोणता रंग किती तापमानाचा हे सांगणारी पट्टी) आपली जागा एकट्या हीटमॅपकडून घेत असे, त्यामुळे वरची रेषा उजवीकडे पुढे निघून जाई आणि तिच्यावरचा १ मार्च हीटमॅपच्या १ मार्चवर कधीच बसत नसे. कन्स्ट्रेन्ड लेआउट समास एकेका पॅनेलापुरता न ठेवता संपूर्ण स्तंभाला लावते, म्हणून कलरबारसाठी हीटमॅप जेवढा आखडतो तेवढेच वरचे पॅनेलही आखडते. दोन्ही कडा पिक्सेलबरहुकूम एकाखाली एक आलेल्या पाहून मी बराच वेळ नुसता त्या आकृतीकडे पाहत बसलो होतो.

हा आनंद तासभर टिकला. मार्च ते मे या ९२ दिवसांची वेगळी आकृती हवी होती, म्हणून फक्त सेट_एक्सलिम, म्हणजे आडव्या अक्षाची मर्यादा, बदलले, तर अक्षांचा (म्हणजे पॅनेलांचा) आकार शून्यावर आल्याने कन्स्ट्रेन्ड लेआउट लागू केले नाही, अशी सूचना आली. पॅनेले मूळ जागी परतली, कलरबारचे आकडे उजव्या पॅनेलाच्या शीर्षकावर चढले. आकृती मोठी करा किंवा अक्षांभोवतीची सजावट लहान करा, असा सल्ला त्या सूचनेतच असतो. तो मानून रुंदी १० इंचांवरून १४ आणि मग २० केली, पण काडीचा फरक पडला नाही. त्यानंतर कलरबार काढून टाकला, उजवे पॅनेल काढून टाकले, तारखा लिहिण्याचा फॉरमॅटर बदलला, उंचीची गुणोत्तरे काढून टाकली. दर वेळी तीच सूचना. वर्षभराची आकृती मात्र त्याच कोडमधून निमूटपणे नीट येत होती, आणि चीड त्याचीच जास्त येत होती.

शेवटी अंदाज बांधणे सोडून प्रत्येक पॅनेलाची गेट_टाइटबीबॉक्स, म्हणजे त्यातले सगळे सामावणारी चौकट, छापून पाहिली. १० इंचांची, १०० डीपीआयची (दर इंचाला १०० पिक्सेल) आकृती एकूण १,००० पिक्सेल रुंद असताना वरच्या पॅनेलाची चौकट दोन हजारांहून अधिक पिक्सेल रुंद निघाली. आता चूक उघड होती. रेषेवरच्या आठ टिपा मी टेक्स्ट ही आज्ञा वापरून तारखांच्या निर्देशांकांवर, म्हणजे अक्षावरच्या त्या त्या तारखेच्या जागी, लिहिल्या होत्या. टेक्स्टचे क्लिप_ऑन, म्हणजे पॅनेलाबाहेरचा भाग कापण्याची सोय, मुळात बंद असते; त्यामुळे मार्च ते मे एवढाच भाग दाखवला तरी १० जानेवारीची टीप डावीकडे आणि २८ नोव्हेंबरची टीप उजवीकडे, कागदाच्या कितीतरी बाहेर, शाबूत होती. डोळ्यांना ती दिसत नव्हती, पण लेआउट तिच्यासाठी इमानेइतबारे जागा राखू पाहत होते. आकृती मोठी करून उपयोग का झाला नाही, तेही इथेच कळले: रुंदी वाढली की टिपांचे अंतरही त्याच प्रमाणात वाढते.

इथे एक कबुली द्यायला हवी. आकृती फाइलमध्ये साठवणाऱ्या सेव्हफिगमधल्या टाइट बीबॉक्स या पर्यायाला (तो आतल्या मजकुराला बेतून कागद कापतो किंवा वाढवतो) मी आजवरच्या प्रत्येक नोंदीत नावे ठेवली आहेत, कारण तो आकृतीचा ठरवलेला आकार परस्पर बदलतो, आणि नोटबुक (कोड आणि आकृती एकत्र दाखवणारे साधन) आतल्या आत तोच वापरते म्हणून मी नोटबुक सोडून साध्या स्क्रिप्टवर आलो. या वेळी नोटबुक उघडले असते, तर लांबच लांब पट्टी, मधोमध चिमुकली पॅनेले आणि दोन्ही टोकांना तरंगणाऱ्या टिपा पहिल्याच मिनिटाला समोर दिसल्या असत्या. मत बदललेले नाही, पण तपासणीपुरते नोटबुक आता हाताशी ठेवले आहे.

दुरुस्ती म्हणून प्रथम टिपांचे क्लिप_ऑन सुरू केले. लेआउट तत्काळ सावरले, पण २९ मेची टीप उजव्या कडेवर अर्धी कापली गेली. मग टेक्स्टऐवजी ॲनोटेट ही एखाद्या बिंदूला टीप जोडणारी आज्ञा घेतली: त्याचा बिंदू डेटाच्या निर्देशांकांत असेल आणि अक्षांच्या बाहेर पडत असेल, तर टीप आकृतीत उमटतही नाही आणि मोजलीही जात नाही, आत असेल तर ती अख्खी दिसते. फक्त ती २९ मेची अख्खी टीप आता कडेबाहेर डोकावते, आणि समास स्तंभाला लागत असल्याने खाली हीटमॅप व उजव्या पॅनेलामध्ये नको इतकी फट पडते. तिच्यावर सेट_इन_लेआउट, म्हणजे लेआउटच्या हिशेबात धरणे, बंद करून पाहिले, फट गेली.

पुढच्या टप्प्यात टिपांसाठी सबप्लॉट मोझाइकमध्ये, म्हणजे पॅनेलांच्या मांडणीत, स्वतंत्र आडवी पट्टी काढायची, असे ही नोंद सुरू करताना ठरवले होते. पण लिहिता लिहिता सुचले की उजव्या कडेजवळच्या टिपांचे आडवे संरेखन उजवे केले, तर त्या आतल्या बाजूलाच पसरतील आणि सेट_इन_लेआउटचीही गरज उरणार नाही. पट्टी तूर्त रद्द. आधी हे करून पाहतो, आणि मग सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या आकृतीला हात घालतो, कारण आठपैकी चार टिपा तिथेच दाटीवाटीने बसल्या आहेत.