कुलवृत्तांत अपडेट: वंशवृक्षाचं पान एकदाचं आडवं झालं

मागच्या वेळी सांगितलं होतं ना, मजकूर सगळा पायथन प्रोग्रामने वर्डच्या डॉक्स फाईलमध्ये भरून झालाय पण वंशवृक्षाशी अडलोय. सातव्या पिढीत नऊ भावंडं, उभ्या ए४ वर मार्जिन सोडून एकेकाच्या वाट्याला दोन सेंटिमीटरसुद्धा येत नव्हते, नावं तीन-तीन ओळींत तुटायची. म्हणून तेवढंच पान आडवं हवं होतं, बाकी पुस्तक उभंच.

पायथन-डॉक्समध्ये (डॉक्स फाईल बनवणारी पायथनची लायब्ररी) ओरिएंटेशन लँडस्केप, म्हणजे आडवं, केलं, रन केलं, फाईल उघडली तर पान उभंच! दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी फाईल झिपसारखी उघडून आतलं एक्सएमएल (फाईलचा कच्चा मजकूर) वाचलं तेव्हा उलगडा झाला, लँडस्केप शब्द बरोबर लिहिला गेला होता पण शेजारी रुंदी ११९०६ आणि उंची १६८३८ जशीच्या तशी (हे ट्विप आहेत, इंचाला १४४०). म्हणजे तो शब्द नुसती खूण, पान खरं ठरतं ते रुंदी-उंचीवरून आणि त्यांची अदलाबदल आपणच करायची. दोन्ही कोडच्या एकाच ओळीत असाइन करा, वेगवेगळ्या ओळींत लिहिलंत तर पहिली व्हॅल्यू हरवते आणि पान चौरस होतं.

दुसरं म्हणजे डॉक्समध्ये पान असं काही साठवलेलंच नसतं, असतो तो सेक्शन, म्हणजे एकच पान-सेटिंग असलेला भाग, त्यामुळे वंशवृक्षाच्या आधी एक नवा सेक्शन आणि नंतर अजून एक. नवा सेक्शन आधीच्याचं सेटिंग उचलतो, म्हणून परत उभं करायलाही तीच अदलाबदल. मला हे फार आवडलं, एकदा डोक्यात बसलं की सगळं सरळ वाटतं.

हो, आणि टेम्प्लेट न देता सुरुवात केलीत तर पान अमेरिकन लेटर साइजचं येतं, ए४ आधी स्वतः करून घ्या.

काल अप्पा बळवंत चौकात ट्रायल प्रिंट काढली आणि तशीच सदाशिव पेठेत आत्याकडे नेली, निम्मी नावं तिनेच तर सांगितलीयत. चष्मा लावून बोट फिरवत सगळी ओळ वाचली आणि म्हणाली, "अरे, आठवी तुझी चुलत आजी, तिचं माहेरचं नाव राहिलंय."

ते आज घातलं. आता हेडर (पानाच्या माथ्यावरची ओळ) राहिलंय, उजवीकडचं शाखेचं नाव आडव्या पानावरही १७० मिलिमीटरलाच (मार्जिन सोडून उभ्या पानाची रुंदी) थांबतंय, ते २५७ वर न्यायचंय. त्यासाठी त्या सेक्शनचं हेडर आधीच्यापासून तोडावं लागेल आणि त्याच्या पुढच्याचंही, नाहीतर पुढची उभी पानं आडव्याचंच हेडर घेतील. रविवारी बसतो.