हो, ऐकला

रविवार. रात्रीचे साडेदहा.

फुलटोचा, तो चिमुकला पक्षी, मला ऐकू आला नाही. झालं एवढंच. हे वाक्य लिहायला सकाळी सहापासून आत्तापर्यंतचा वेळ लागला.

आणि तेही पुरतं खरं नाही. ऐकू आला नाही याचं मला तितकंसं वाटत नाहीये. (वाटतंय. पण ते नंतर.) टोचतंय ते हे, की अनूने बोट वर केलं, म्हणाली, ‘मावशी, फुलटोचा,’ आणि मी तत्काळ म्हणाले, ‘हो, ऐकला.’ वर आणखी ठोकून दिलं, ‘आंब्यावर आहे, बांडगुळापाशी.’

बांडगुळापाशी नसेल तर असणार कुठे तो? बांडगुळाची फळं खायची, चिकट बी फांदीला पुसायची, तिथे नवं बांडगूळ रुजवायचं, हा त्याचा जन्मभराचा उद्योग. म्हणजे मी त्याचा पत्ता सांगितला. पाठांतरावर पेपर सोडवणाऱ्या पोरांसारखा.

बाकी सकाळ छान होती. पावशा अंधारातच सुरू झालेला, पेरते व्हा, पेरते व्हा, दर हाकेला सूर चढवत, आणि पार वर गेल्यावर एकदम गप्प. बांधावरच्या टिटवीने आम्हाला पाहून नेहमीचा कांगावा केला. भारद्वाजाचं ते रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं हूप हूप. लांब कुठेतरी तांबट, ठोके मोजत बसलेला. दयाळ, होला, वटवट्या. सगळे आले. म्हणजे मला वाटलं, सगळे आले.

दुपारी अनूने रेकॉर्डिंग पाठवलं, ‘तुझ्या संग्रहाला’ म्हणून. मर्लिनमध्ये, म्हणजे पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या ॲपमध्ये, आवाजाचं चित्र उमटतं, जाड आवाज खाली, बारीक वर. तळाशी होल्याचे मऊ ढग होते. आणि अगदी वर, सुईने टाके घालावेत तसे बारके ठिपके, एकेका अंतरावर. टिक, टिक, टिक. ते मी डोळ्यांनी वाचले. आवाज पूर्ण वाढवला. फोन उजव्या कानाला लावला, मग डाव्या. होला घुमत होता. टाके येत होते नि जात होते, आणि त्यांच्या जागी काहीच नव्हतं. तीनदा ऐकलं. चौथ्यांदा दरवाजा लावून घेतला. घरात दुसरं कोणी नसताना.

वयाबरोबर उंच सूर आधी जातात, हे मला ठाऊक आहे. मीच लोकांना सांगत आलेय. आतल्या कानात शंखासारखी नळी असते, तिच्या तोंडाशी असलेल्या केसपेशी बारीक सूर टिपतात, आणि झिजतात त्याही आधी. गेल्या की गेल्या. माणसाच्या. पक्ष्यांच्या कानात त्या पुन्हा उगवतात. जेमतेम 8 सेंटिमीटरचा जीव, त्याच्या कानाला नवी पालवी फुटते, आणि इथे 57व्या वर्षी माझी पानगळ चालू. हे कुणी ठरवलं, मला भेटायचंय त्याला.

आई शेवटी शेवटी सगळ्यालाच मान हलवायची. आम्ही चिडायचो. असो.

पण ‘हो’ का म्हणाले मी? ‘नाही गं, कुठे?’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पक्षी ऐकू न येणं हा काही गुन्हा नाही. वारा असतो, लक्ष नसतं. दहा कारणं होती. त्यातलं एकही न देता सरळ खोटं, तेही अनूशी. हा आवाज तिला मी शिकवलाय. सात वर्षांची होती. ‘ऐकला का?’ विचारलं की भलत्याच झाडाकडे बघत ‘हो’ म्हणायची, आणि मला लगेच कळायचं की हिने काही ऐकलेलं नाही.

संध्याकाळी वह्या काढल्या. काढायला नको होत्या. 2019मध्ये फुलटोचा जवळजवळ प्रत्येक फेरीत. 2022मध्ये तीनदा. गेल्या वर्षी एकदाही नाही. आणि समासात माझ्याच अक्षरात, ठसठशीत: ‘फवारणी?’ त्याच्याखाली दोन रेघा.

यावर मी बोललेय. चारचौघांत, तावातावाने. ई-बर्डवर, पक्षिनोंदींच्या त्या संकेतस्थळावर, याद्या टाकल्यात. यादी पाठवताना तिथे विचारतात, ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का? मी दर वेळी हो. पूर्ण यादीत जो नाही, तो तिथे आढळला नाही असं धरतात. 2023मध्ये देशातल्या 942 जातींचा आढावा घेणारा अहवाल आला, सुमारे 30,000 निरीक्षकांच्या नोंदींवर उभा. त्या ढिगात माझीही चिमूट. अहवाल माझ्या एकटीच्या कानांवर विसंबून नाही, एवढं कळतं मला. पुष्कळ पक्षी खरोखर कमी होतायत, तेही खोटं नाही. पण आमच्या आंब्यावरचा फुलटोचा मी स्वतःच्या हाताने कागदावर मारला, दोन वह्या भरून.

इथे मला हसू आलं. थांबेना. तीन वर्षं मी शेजारच्या शेतातल्या पंपाला शिव्या घालत होते, आणि हे पठ्ठे माझ्या टाळूवर बसून ओरडत होते. फवारणीची बाजू घ्यायची नाही मला, पण या एका खटल्यात ती निर्दोष निघाली.

मग नऊ वाजता अनूला फोन केला. म्हटलं, सकाळचा फुलटोचा, मी तो...

‘माहितीये,’ ती म्हणाली. ‘तू हो म्हणालीस तेव्हा तो थांबला होता.’

‘मग तेव्हाच बोलली का नाहीस?’

‘तू बाभळीकडे बघत म्हणालीस, मावशी. आंबा मागे होता.’

यावर काय बोलणार. कान तपासून घे म्हणाली. घेईन. पुढच्या रविवारचं ठरलंय, तिने ऐकायचं, बोट दाखवायचं, मी दुर्बीण लावायची. बाराव्या मिनिटाला आम्ही भांडणार, कारण तिचं बोट कधीच नेमकं नसतं.

आजची यादी आत्ता पाठवली. पूर्ण आहे का? हो. निदान हे ‘हो’ दोघींचं मिळून आहे. शेरा लिहिला:

‘फुलटोचा, 1. अनूने ऐकला. मी नाही.’

बाहेर टिटवी ओरडतेय. रात्रीची ओरडली की वाईट म्हणतात. ओरड बाई, ओरड.