झेंड्याला दप्तर, आणि टक्के कुठेच नाहीत

जून आला की इथे नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये घराघरांवर झेंडे लागतात. सण नसतो, फुटबॉलही नसतो. काठीच्या टोकाला शाळेचं दप्तर लटकलेलं दिसलं की समजायचं, घरातलं पोर शालान्त परीक्षा पास झालं. यंदा समोरच्या घरावर लागला. त्यांचा मुलगा व्हीएमबीओ झाला, म्हणजे साधारण आपल्या आयटीआयकडे जाणारी वाट; त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. पलीकडच्या गल्लीतली मुलगी व्हीडब्ल्यूओ करून विद्यापीठात चाललीय. तिच्याही घरावर तोच झेंडा, तसंच दप्तर. टक्के लिहायला जागाच नाही!

त्या दप्तराने माझं डोकं खाल्लंय. समोरच्याचं मी रोज खिडकीतून बघते. एक बंद तुटलेला, चेन अर्धी उघडी, पावसाने भिजून खाली लोंबतंय. आठवडा झाला तरी काढत नाहीत. आमच्या आजीने पाहिलं असतं तर आधी ते उतरवून पुसून ठेवलं असतं आणि मग सरस्वतीची माफी मागायला लावली असती. पण मला ते आवडतं. त्या पोराने सायकलवरून चार वर्षं वाहिलेलं ओझं आहे ते, शेजाऱ्याच्या पोराशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडे बोर्डाने गुणवत्ता यादी बंद केली, तर ती क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर येऊन बसली. 98.40, 97.80, खाली ओळीने फोटो. साठ टक्केवाल्याचा फोटो मी अजून पाहिलेला नाही. त्याच्या घरचे पेढे शेजारी जातात तेसुद्धा खालमानेने.

पण लगेच स्वतःला नावं ठेवायचं कारण नाही. अकरावीच्या यादीत अर्ध्या टक्क्याने कॉलेज हुकत असेल तर लोक टक्केच विचारणार. इथे पास झालं की दार उघडतं. व्हीडब्ल्यूओ झालेल्याला विद्यापीठ, हावो, म्हणजे व्हीएमबीओ आणि व्हीडब्ल्यूओ यांच्यामधली वाट, झालेल्याला उपयोजित विद्यापीठ. मेडिकलसारखे मोजके अभ्यासक्रम सोडले तर दहापैकी साडेसहावाला आणि साडेआठवाला एकाच दारातून आत जातात. मग मनाचा मोठेपणा परवडतो.

शिवाय तुलना इथे होत नाही असं कुणी सांगू नये. ती आधीच उरकलेली असते, बाराव्या वर्षी! प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी शाळाच सांगते, हे मूल कुठल्या वाटेने जाईल. एक चाचणी असते, तिच्यात सरस ठरलं तर शाळेला सल्ल्याचा फेरविचार करावा लागतो. त्या दिवसांत फाटकाशी उभ्या असलेल्या आया, आपल्याही आणि डचही, एकमेकींना काय विचारत होत्या ते मी ऐकलंय. नंतर वाट बदलता येते, पण वर्षं वाढतात. मी सातवीपर्यंत ढ होते आणि दहावीत उठले. इथे असते तर काय झालं असतं, कोण जाणे.

असो. यंदा आमच्याही घरावर दप्तर चढलं. लेक हावो पास झाली. वर्गशिक्षकांचा फोन आला तेव्हा ती जिन्यातच किंचाळली. चित्रकलेत नऊ आहेत, पण तिने बोट ठेवलं गणितावर. शाळेच्या परीक्षांत 4.8 होते, बोर्डाच्या पेपरात 6.9 पडले, सरासरी 5.85, म्हणजे गुणपत्रकावर 6. त्या सहावर ती जितकी खूश होती, तितकी मी माझ्या 87 टक्क्यांवर नव्हते. मला तेव्हा आतेबहिणीचे 89 दिसत होते.

बाबांना सांगितलं. पहिला प्रश्न, "किती टक्के?"

"टक्के नसतात हो बाबा इथे."

"नसतात म्हणजे? बेरीज करून भागता येतंच की."

गुणपत्रकाचा फोटो मागवून घेतला, स्वतः भागाकार केला आणि 68 काढले. "बरे आहेत," म्हणाले. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "सोसायटीत काय सांगू?"

"पास झाली म्हणून सांगा."

"नुसतं पास?"

शेवटी मीच म्हटलं, इथले पेपर फार कडक तपासतात, 68 म्हणजे आपले 90 धरा. ते मात्र त्यांना लगेच पटलं. आणि हे अगदीच खोटं नाही हं, दहापैकी दहा इथे क्वचितच कुणाला देतात.