डोळा जागचा हलला नाही, हे आधी दाखवा

अवधानावरच्या, म्हणजे माणूस किंवा प्राणी लक्ष कुठे देतो यावरच्या प्रयोगात सर्वांत आधी सिद्ध करायचं असतं ते हे की डोळा हलला नव्हता. ती नोंद नसेल तर पुढचे आलेख कितीही देखणे असोत, त्यांवर फारसा विश्वास ठेवता येत नाही. आपल्याला बारकाव्यानं दिसतं ते फक्त दृष्टिपटलाच्या मधल्या खळग्यावर, म्हणजे फोवियावर पडलेलं. हात लांब धरला तर अंगठ्याच्या रुंदीएवढा, साधारण दोन अंशांचा भाग. म्हणून डोळे सेकंदाला तीनेक उड्या मारत राहतात. या उड्यांना सॅकेड म्हणतात. डावीकडची खूण कुणी पटकन ओळखली, तर लक्ष तिकडे होतं की नजरच तिकडे सरकली होती, हे नोंद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

हा प्रश्न पेशींच्या पातळीवर नेला तो रॉबर्ट वुर्ट्झ यांनी, अमेरिकेत बेथेस्डा इथल्या एनआयएच (राष्ट्रीय आरोग्य संस्था) मध्ये. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जाग्या माकडाला एका ठिपक्यावर नजर रोखायला शिकवलं: ठिपक्याचा उजेड मंदावला की हातातली दांडी सोडायची, मग बक्षीस. तोपर्यंत दृष्टीच्या पेशींचा अभ्यास प्रामुख्यानं भूल दिलेल्या प्राण्यांवर व्हायचा, आणि भूल दिलेल्या प्राण्याला लक्ष कसलं असणार? मग १९७२ मध्ये मायकेल गोल्डबर्ग आणि वुर्ट्झ यांनी मध्यमेंदूतल्या सुपीरियर कॉलिक्युलसच्या वरच्या थरांतल्या पेशी ऐकल्या, म्हणजे त्यांचे विद्युत स्पंद नोंदले. प्रकाशाचा ठिपका तोच, जागा तीच. पण माकड त्या ठिपक्याकडे सॅकेड करणार असेल तर पेशी जास्त जोरात बोलते. सॅकेड दुसरीकडे असेल तर ही वाढ दिसत नाही.

हे अवधान की नुसती हालचालीची तयारी? १९८१ मध्ये बुशनेल, गोल्डबर्ग आणि रॉबिन्सन यांनी पार्श्विक बाह्यकात (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पॅरिएटल भागात) अशा पेशी दाखवल्या, ज्यांचा प्रतिसाद नजर न हलवता नुसतं लक्ष दिलं तरी वाढत होता. (हे रॉबिन्सन म्हणजे डेव्हिड ली. डोळ्याच्या शुभ्रपटलावर तारेचं वेटोळं बसवून चुंबकीय क्षेत्रात नजर मोजण्याची पद्धत १९६३ मध्ये काढणारे ते डेव्हिड ए. दोघांची गल्लत बऱ्याच ठिकाणी होते.)

माणसांवर हेच करायचं तर मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नर यांची १९८० ची रचना अजून पुरते. पडद्याच्या मध्यावर नजर रोखायला अधिकचं चिन्ह, दोन्ही बाजूंना चौकटी, एका चौकटीकडे इशारा, मग लक्ष्य. दहापैकी आठ वेळा इशारा खरा, दोनदा फसवा. खऱ्या आणि फसव्या इशाऱ्यांतला प्रतिसादवेळेचा फरक सहसा वीस ते पन्नास मिलिसेकंदांचा. हा आकडा ध्यानात ठेवा, कारण ६० हर्ट्झच्या पडद्याची एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. एक फ्रेम चुकली तर परिणामाचा मोठा हिस्सा गेला. संगणकाच्या घड्याळावर विसंबू नका. पडद्याच्या कोपऱ्यात फोटोडायोड (उजेड टिपणारा छोटा संवेदक) चिकटवून लक्ष्य खरोखर केव्हा उमटलं ते मोजा.

पडदा डोळ्यांपासून ५७ सें.मी. ठेवला की पडद्यावरचा १ सें.मी. जवळपास १ अंश होतो, गणित सोपं जातं. हनुवटी आणि कपाळ टेकायला आधार हवाच. नजर टिपणारं यंत्र (आय-ट्रॅकर) अवरक्त प्रकाशात बाहुलीचा मध्य आणि स्वच्छमंडलावरचं (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरचं) परावर्तन यांतलं अंतर मोजतं, आणि ते अंतर पडद्यावरच्या जागेत बदलण्यासाठी नऊ ठिपक्यांचं कॅलिब्रेशन लागतं. त्यानंतरची पडताळणी टाळू नये: सरासरी चूक अर्ध्या अंशाच्या आत, कुठल्याही ठिपक्यावर एका अंशाच्या आत. नाहीतर पुन्हा करा. कोपऱ्यातले ठिपकेच बिघडत असतील तर बहुधा पापणी आड येतेय किंवा कॅमेरा नीट लागलेला नाही.

आपल्याकडे हमखास नडणारी गोष्ट म्हणजे काजळ. काळी रेघ अवरक्त प्रतिमेतही काळीच दिसली की यंत्र तिलाच बाहुलीचा भाग समजतं. बोलावतानाच सांगा, काजळ-मस्कारा लावून येऊ नका. चष्म्याच्या काचेवरची चकाकी कॅमेरा किंचित खालून वर रोखला की बरीच टळते. खोलीतला उजेड मात्र बदलू देऊ नका: बाहुली लहानमोठी झाली की तिचा मध्यही थोडा सरकतो, आणि डोळा स्थिर असतानाच नजर सरकल्याची नोंद होते. इशारा भडक पांढरा आणि पार्श्वभूमी काळी असेल तर हा गोंधळ तुम्हीच तयार करताय.

सॅकेड ओळखायला वेगाची मर्यादा लागते. सेकंदाला ३० अंश ही नेहमीची. पण वेग काढताना नोंदीतला गोंगाटही वाढतो, म्हणून आधी थोडं गुळगुळीत करून घ्यावं. पापणी मिटताना बाहुली वरून झाकली जाते, तिचा मध्य खाली घसरतो आणि एक खोटी उभी सॅकेड तयार होते. म्हणून मिटण्याच्या दोन्ही बाजूंचे शंभरेक मिलिसेकंद काढून टाकायचे. जिथे सॅकेड हाच प्रतिसाद असतो, तिथे लक्ष्यानंतर ८० मिलिसेकंदांच्या आत सुरू झालेली उडी आधीच अंदाजानं मारलेली असते, तीही बाद.

आणि इतकं करूनही डोळा पुरता थांबत नाहीच. नजर रोखलेली असताना एका अंशाहून छोट्या सूक्ष्म-सॅकेड होत राहतात, सेकंदाला एक-दोन. २००२ मध्ये हाफेद आणि क्लार्क यांनी, पुढच्या वर्षी एंगबर्ट आणि क्लिगल यांनी दाखवलं की या उड्यांची दिशा इशाऱ्यानुसार झुकते. म्हणजे नजर मध्याभोवतीच्या दोन अंशांच्या चौकटीबाहेर गेली नाही म्हणून ‘डोळा हलला नाही’ असं छातीठोकपणे लिहिता येत नाही. या उड्यांसाठी सेकंदाला ३० अंशांची मर्यादाही ठोकळ ठरते. एंगबर्ट-क्लिगल पद्धतीत ती त्या-त्या नोंदीतल्या गोंगाटावरून ठरते, वेगाच्या मध्यकाधारित (मीडियनवरून काढलेल्या) विचलनाच्या सहापट. त्यासाठी किमान ५०० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५०० नोंदी घेणारं यंत्र घ्या.

सहसंबंधाच्या पुढे, कारणापर्यंत जायचं तर मेंदूत हात घालावा लागतो. टिरिन मूर आणि कॅथरीन आर्मस्ट्राँग यांनी २००३ मध्ये माकडाच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या दृक्-क्षेत्राला (फ्रंटल आय फील्ड, जिथून सॅकेड घडवता येते) इतका क्षीण प्रवाह दिला की सॅकेड घडली नाही. तरीही ती जिथे गेली असती त्या जागेला प्रतिसाद देणाऱ्या व्ही-४ (बाह्यकातला दृष्टीचा एक भाग) मधल्या पेशींचा आवाज वाढला. किती प्रवाहाला सॅकेड घडते तो उंबरठा त्या-त्या जागी आधी मोजून घेणं ही इथली कळ. अवधान म्हणजे न घडलेली सॅकेड, हे मेंदूशास्त्रज्ञ रिझोलाट्टी यांचं मत यामुळे भक्कम झाल्यासारखं वाटतं.

पण २०१२ मध्ये झेनॉन आणि क्राउझलिस यांनी कॉलिक्युलसचा तुकडा औषधानं तात्पुरता बंद केला. माकडाचं त्या बाजूचं लक्ष ढासळलं, बाह्यकातल्या गतीच्या पेशींमध्ये मात्र अवधानामुळे होणारी वाढ जशीच्या तशी राहिली. म्हणजे ज्या वाढीला आपण अवधानाची खूण म्हणत आलो, ती असूनही अवधान नाही. व्ही-४ मधली वाढ दाखवून तिथेच थांबणाऱ्या निबंधांना हा निकाल अडचणीचा आहे.