बारच्या आतून दिसलेलं ओकिनावा

गेले चार-पाच दिवस माओ इशिकावा या फोटोग्राफर बाईने काढलेले फोटो बघतेय आणि ते डोक्यातून जातच नाहीयेत, म्हणून लिहून टाकते.

माओ जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरची, ओगिमी गावातली, जन्म १९५३ चा. तेव्हा तिथे अमेरिकेचंच राज्य होतं, १५ मे १९७२ ला बेट जपानकडे परत गेलं पण लष्करी तळ काही हलले नाहीत. आजही जपानच्या जेमतेम ०.६ टक्के जमिनीवर, म्हणजे एवढ्याशा ओकिनावात, देशातल्या अमेरिकन तळांची साधारण ७० टक्के जागा आहे.

अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन गेलेला माणूस काय काढतो ते आपल्याला पाठ आहे, तारेचं कुंपण, वरून जाणारं विमान, मोर्चा. तेही खरंच असतं, नाही म्हणत नाही मी. पण माओला सोल्जरांचे फोटो काढायचे होते तर तिने काय करावं, १९७५ मध्ये सरळ कोझा या तळाला लागून असलेल्या गावातल्या बारमध्ये नोकरी धरली! नंतर किन गावात, कॅम्प हॅन्सन या अमेरिकन तळाच्या दारातच. कोझात गोऱ्या सोल्जरांचे बार एकीकडे आणि काळ्यांचे दुसरीकडे, म्हणजे अमेरिकेतला भेदभाव पण सामानाबरोबर समुद्र ओलांडून आलेला. माओ काळ्यांच्या बारमध्ये होती.

आणि तिथे गंमत अशी झाली की सोल्जर बघता बघता तिचा जीव जडला बरोबर काम करणाऱ्या मुलींवर. खोलीत लोळत पडलेल्या, समुद्रावर मोकळ्या हिंडणाऱ्या, आपल्या माणसाला बिलगून खदखदून हसणाऱ्या. काहींनी केससुद्धा आफ्रो केलेत. बाहेरच्या जगाने या मुलींना नावंच ठेवली असतील, पण फोटोत एकीच्याही चेहऱ्यावर ओशाळलेपण नाही. कसं असेल? समोर कॅमेरा धरून उभी आहे तीही संध्याकाळी त्याच काउंटरमागे ग्लास भरणार आहे. हे मला फार मोठं वाटतं. मी स्वतः वस्त्यांमधून फोटो काढलेत, दोन तासांत काढून निघून आलेय, आणि ते दोन तास माझ्या प्रत्येक फोटोत दिसतात, लोक माझ्याकडे पाहुणी आल्यासारखं बघतायत.

एक प्रश्न मात्र सुटत नाही. त्या मुलींची पुढे लग्नं झाली असतील, पोरंबाळं झाली असतील, १९८२ मध्ये या फोटोंचं पुस्तक आलं, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? तेव्हा हसून दिलेला होकार काही वर्षांनी तसाच राहतो का?

माओने मात्र माणसं सोडली नाहीत. १९८६ मध्ये ती थेट फिलाडेल्फियाला गेली, किनमध्ये ओळख झालेल्या, आता घरी परतलेल्या एका सोल्जरकडे, आणि त्याचं घर, त्याचा मोहल्ला, त्याची माणसं यांचे फोटो काढत राहिली. आता तेच बघायला घेतलेत.