चोपदार येईपर्यंत

वारीला मी देवासाठी गेलो नव्हतो. दिंडीतल्या विणेकरी बुवांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते म्हणाले, "माउली, जेवणाची भिशी भरलीय ना? मग चाला." आणि हात मोकळे नकोत म्हणून एक जुना टाळ दिला.

आमचे वडील लालबागच्या एका मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. गळ्यात तुळशीची माळ, खिशात युनियनची पावती. पायी वारी करायची म्हणून जन्मभर घोकत होते, पण वीसेक दिवसांची रजा देणार कोण? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणूस गेटबाहेर आला आणि त्या आषाढात वडील आळंदीहून चालत पंढरपूरला गेले. मी तेव्हा विशीतला बदली कामगार, गेट मीटिंगला कविता म्हणणारा. घरात दाणा नाही आणि बाप टाळ कुटत हिंडतोय, याची लाज वाटायची.

त्याच वर्षी आम्ही चौघांनी सायक्लोस्टाइलवर मासिक काढलं. आता ते त्रैमासिक आहे, निघेल तेव्हा निघतं. पहिल्या अंकात माझी कविता होती, विठोबाला विटेवरून ओढून मिलच्या गेटवर उभी करणारी. वडिलांनी वाचली, बोलले काहीच नाहीत. रात्री सगळ्या प्रती खोलीत पसरून त्यांनी सुताने शिवल्या, एकेकीला विणकराची गाठ मारून.

या वेळी पाठीवरच्या पिशवीत तपासायची मुद्रितं, म्हणजे प्रुफं होती. जुन्या अंकांतलं निवडक आम्ही पुन्हा छापतोय, त्यात ती कविताही आहे. दिवे घाटात पावसाने अर्धी भिजली.

तरडगावच्या मुक्कामी समाज आरतीला उभा होतो. तळावर दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार हातातला चोप वर करतो आणि सगळं चिडीचूप होतं. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिने टाळ थांबवायचे नाहीत. त्या दिवशी आमचा पाण्याचा टँकर पोचलाच नव्हता. सगळा तळ गप्प आणि आमचीच पन्नास-साठ माणसं खणखणत होती. मला आधी ओशाळल्यासारखं झालं, मग अंगावर काटा आला. अहो, ही तर गेट मीटिंग! तेवढ्यात माझ्या टाळाची दोरी तुटली. अंधारात चाचपडत गाठ मारली. बोटांनी आपणहून विणकराचीच मारली.

चोपदार आले, ऐकून घेतलं, टाळ थांबले. मग हरवलं-सापडलं पुकारलं, उद्या निघायची वेळ सांगितली, आरती झाली.

"आणि नाहीच आले तर?" मी बुवांना विचारलं.

"वाजवत राहायचं. दुसरं काय?"

मला झोप लागली नाही. आमचा संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. माणसं एकेक करून गावाला गेली, मिलच्या जागी टॉवर उभे राहिले.

फलटणला राहुटीबाहेर लाल पेन घेऊन बसलो होतो. दिंडीतली एक म्हातारी येऊन टेकली.

"काय लिवताय, माउली?"

"लिहीत नाही आजी, चुका काढतोय."

"दुसऱ्याच्या?"

"या पानावर माझ्याच आहेत."

वाचून दाखवा म्हणाली. जरा बिचकतच ती विठोबाची कविता वाचली. म्हातारी पायाला तेल चोळत ऐकत होती. "एवढंच व्हय?" ती म्हणाली. "जनीनं त्येला कारटं म्हटलंय. तुमी लईच मऊ बोलताय."

चाळीस वर्षं मी ती कविता बंडखोर समजत होतो.

वारीत जात नसते, हे मात्र मला पटवू नका. गावची दिंडी म्हणजे गावच असतं. पंगतीत कोण वाढतं आणि भांडी कोण घासतं, हे मी रोज बघत होतो. पंढरपुरात दर्शनबारीला लागलो नाही. महाद्वारात चोखोबांच्या समाधीपाशी बसलो. ते गेले १३३८ साली आणि त्यांच्या माणसांना हा दरवाजा उघडायला १९४७ उजाडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. सहाशे वर्षं टाळ वाजत होता म्हणायचं. वडील इथे आले तेव्हा कुठे थांबले असतील, हे विचारायचं राहूनच गेलं.

निघताना टाळ परत केला. बुवा नवी दोरी घालायला बसले, पण गाठ सुटेना. नखाने, मग दाताने ओढून पाहिली.

"कुणी मारलीय ही?"

"मीच."

"राहू दे मग," म्हणाले आणि टाळ तसाच पेटीत टाकला.